संगणक बंद पडल्यानंतरचे तीन दिवस

प्रति,
शिरवळ, विंग, केसुर्डी आणि खंडाळा परिसरातील कारखानदार, भागीदार व व्यवस्थापक यांस



२०२५ च्या सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात इंग्लंडमधल्या जग्वार लँड रोव्हरच्या कारखान्यांतले काम थांबले. संप नव्हता, मागणी घटली नव्हती, बंदरात माल अडकला नव्हता. कंपनीच्या संगणक यंत्रणेत कोणीतरी घुसले होते आणि ते आणखी पसरू नये म्हणून कंपनीने स्वतःच सगळे बंद केले. टप्प्याटप्प्याने उत्पादन सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडला. या कंपनीची मालकी टाटा समूहाची, म्हणजे आपल्या मुंबईची. ब्रिटनमधल्या सायबर मॉनिटरिंग सेंटरने नुकसानीचा अंदाज १.९ अब्ज पौंड असा दिला आणि झळ पोचलेल्या संस्थांची संख्या पाच हजारांवर सांगितली. त्यांत सुटे भाग पुरवणारे होते, गाड्या विकणारे होते, एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर चूल पेटणारी छोटी वर्कशॉप होती. त्यांच्यावर कोणी हल्ला केला नव्हता. त्यांचे संगणक ठणठणीत होते. ऑर्डर येत नव्हती आणि पैसे येत नव्हते, एवढेच. अखेर ब्रिटिश सरकारला दीड अब्ज पौंडांच्या कर्जाला हमी द्यावी लागली, ती पुरवठादारांची साखळी तुटू नये म्हणून.

हे पत्र त्या छोट्यांच्या बाजूने लिहितो आहे. नीरेचा पूल ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरले की गोदरेज, केएसबी, विंगला रीटर, पुढे खंडाळ्याला एशियन पेंट्स अशी मोठी नावे लागतात. त्यांच्याकडे संगणक सुरक्षेचे स्वतंत्र विभाग आहेत, मुख्यालयातून रात्रंदिवस लक्ष ठेवणारी माणसे आहेत. पण या मोठ्या फाटकांच्या आसपास मशीन शॉप, प्रेस शॉप, पावडर कोटिंग, पॅकिंगचे गाळे आहेत, ट्रान्सपोर्टवाले आहेत. तिथे एक अकाउंटंट असतो आणि गरज पडेल तेव्हा बोलवायचा एक कॉम्प्युटरवाला. तो कॉम्प्युटरवाला मी आहे. या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांचे संगणक, राउटर, बिलिंगची मशीन सांभाळणे हा माझा धंदा आहे. तुमच्या केबिनमध्ये बसून तोंडी सांगितलेले कामाच्या रगाड्यात विरून जाते, म्हणून लिहून सांगतो आहे.

मला एकच गोष्ट सांगायची आहे. हल्ला होऊच नये हे पूर्णपणे तुमच्या हातात नाही. हल्ला झाल्यावर कारखाना तीन दिवसांत उभा राहतो की तीन महिन्यांत, की राहतच नाही, हे मात्र बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे. आणि ते हल्ल्याच्या दिवशी ठरत नाही. ते आज, सगळे सुरळीत चालू असताना ठरते.

"आपल्याकडे कोण कशाला येईल? आपण काय बँक आहोत का?" हे मी रोज ऐकतो. याला उत्तर न्हावा शेव्याने दिले आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा विषाणू युक्रेनमध्ये सोडला गेला. तो पसरला एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. युक्रेनमध्ये कर भरणाऱ्या असंख्य कंपन्या ते सॉफ्टवेअर वापरत, आपल्याकडे टॅली वापरतात तसे. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे तिथे कार्यालय होते. तिथून तो मर्स्कच्या जगभरच्या जाळ्यात शिरला आणि त्याच दिवशी न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातले तिच्या गटाचे टर्मिनल थंडावले. कंटेनर कुठला, कोणाचा, कुठे ठेवायचा हे सांगणारी यंत्रणाच गेली. हल्लेखोरांच्या मनात ना मुंबई होती ना उरणच्या रस्त्यावरचे ट्रेलरवाले. तरी गाड्या अडकल्या. मर्स्कला पुढच्या दहा दिवसांत सुमारे ४५ हजार संगणक आणि चार हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. ज्या नोंदींवर सगळ्या जाळ्याची ओळख-परवानगी चालते, त्यांच्या साऱ्या प्रती नष्ट झाल्या होत्या. एक तेवढी वाचली, घानामध्ये, कारण त्या वेळी तिथली वीज गेलेली होती आणि ते मशीन जाळ्यातून तुटलेले होते. एवढी मोठी कंपनी एका वीजकपातीमुळे सावरली. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

हा झाला भरकटत येणाऱ्या हल्ल्याचा प्रकार. दुसरा प्रकार ठरवून, एकत्र येऊन केलेल्या हल्ल्याचा. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर मे २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबर विभागाने जाहीर केलेल्या अहवालात देशातल्या यंत्रणांवर सुमारे पंधरा लाख हल्ले झाल्याची नोंद आहे. त्यांतले यशस्वी ठरले दीडशे. या दीडशेत कोण सापडले पाहा: कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची वेबसाइट विद्रूप केली गेली. बदलापूरच्या नगरपरिषदेशी कोणाचे वैर असणार? पंधरा लाख कड्या वाजवल्या, जी ढिली होती ती उघडली. शिरवळचा गाळाही याच हिशेबात येतो.

तिसरा प्रकार आपल्या लोकांना सगळ्यात कमी माहीत आहे. त्यात तुमच्याकडून काहीच चोरले जात नाही, तुमचीच उपकरणे दुसऱ्यावर सोडली जातात. जुलै २०१६ मध्ये मुंबईतल्या लहान-मध्यम इंटरनेट सेवा कंपन्यांवर अशी बनावट मागण्यांची गर्दी लोटली गेली. तिचा जोर सेकंदाला दोनशे गिगाबिटपर्यंत गेला, लोकांचे इंटरनेट रखडले, पोलिसांत गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मिराई नावाच्या विषाणूने अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. त्यासाठी त्याने जगभरचे सीसीटीव्ही कॅमेरे, त्यांचे डीव्हीआर आणि घरगुती राउटर जुंपले होते. ज्यांचा कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड कोणी बदललाच नव्हता, अशी ही उपकरणे. तुमच्या फाटकावरचा डीव्हीआर ज्याने बसवला त्याने पासवर्ड बदलला का? मोबाइलवर कारखाना दिसावा म्हणून तो इंटरनेटला जोडलेला आहे ना? आज घरी जाण्यापूर्वी एवढे एक काम तपासा.

आता मोठ्यांना छोट्यांची काळजी का वाटायला हवी, ते. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस जपानमध्ये कोजिमा नावाच्या प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या पुरवठादाराच्या सर्व्हरवर खंडणीचा विषाणू आला. १ मार्चला टोयोटाने जपानमधले आपले सगळे, म्हणजे चौदाच्या चौदा कारखाने दिवसभर बंद ठेवले. सुमारे तेरा हजार गाड्यांचे उत्पादन हुकले. माल वेळेवर, मोजका आणि गोदामात साठा न करता पोचवायचा ही पद्धत आपल्याकडेही मोठ्या कंपन्यांनी आणली आहे. अशा पद्धतीत एका व्हेंडरचे बिलिंग मशीन बंद पडले तर पुढची अख्खी लाइन उभी राहते.

बिलिंग मशीन म्हणालो, ते उगाच नाही. या पट्ट्यातल्या एका गाळ्यात, नाव सांगत नाही, महिनाअखेरीला मला बोलावणे आले. टेम्पो भरून उभा होता, ड्रायव्हर ताटकळला होता आणि बिल निघत नव्हते. बिलिंगच्या टेबलाखाली यूपीएसला खेटून ठेवलेला सीपीयू हाच त्यांचा सर्व्हर. त्यावर टॅलीचे फोल्डर दिसत होते, पण प्रत्येक फाइलच्या नावाला कधी न पाहिलेले शेपूट लागलेले. प्रत्येक फोल्डरमध्ये एक साध्या मजकुराची फाइल नव्याने आलेली, पैसे कुठे आणि कसे पाठवायचे हे सांगणारी. बॅकअप नव्हता असे नाही. बाहेरून जोडायची हार्डडिस्क होती, रोज रात्री तिच्यावर आपोआप कॉपी होत होती. पण ती त्याच मशीनला बारा महिने तेरा काळ लावून ठेवलेली, त्यामुळे मूळ डेटासोबत तीही कुलूपबंद झाली. वाट कुठून मिळाली, तर घरून काम करता यावे म्हणून राउटरमधून रिमोट डेस्कटॉप थेट बाहेरून उघडा ठेवलेला, आणि पासवर्ड म्हणजे कंपनीचे नाव आणि साल. सीएनसीचे प्रोग्रॅम मशीनच्या स्वतःच्या मेमरीत होते, ते शाबूत होते. त्यामुळे आत मशीन चालू होत्या, पार्ट बनत होते, तपासून ट्रेमध्ये रचले जात होते. फाटकाबाहेर मात्र एक नग जात नव्हता. मालक कधी शॉपकडे बघत, कधी टेबलाखालच्या त्या डब्याकडे. लाखो रुपयांची मशीन कर्ज काढून घेतलेली, आणि धंदा अडला होता सगळ्यात स्वस्त उपकरणापाशी.

त्यांना परत रांगेला लागायला किती दिवस गेले हे मी सांगत बसत नाही. जुनी बिले सीएच्या कार्यालयातून, जीएसटी पोर्टलवरून आणि गिऱ्हाइकांच्या ईमेलमधून एकेक करून गोळा करावी लागली. ड्रॉइंग पुन्हा मागवावी लागली, तेव्हा गिऱ्हाइकाला कारण सांगावे लागले, आणि कारण ऐकल्यावर गिऱ्हाइकाने आधी त्यांचे ईमेलच बंद केले. यात त्याचीही चूक नव्हती.

काही जण तर उभेच राहत नाहीत. इंग्लंडमधली केएनपी ही दीडशेहून जास्त वर्षांची वाहतूक कंपनी, पाचशेच्या आसपास ट्रक. २०२३ मध्ये एका कर्मचाऱ्याचा सोपा पासवर्ड ओळखून टोळी आत शिरली असे सांगितले जाते. डेटा गेला, हिशेब गेला, बँकेला दाखवायला आकडे उरले नाहीत आणि काही महिन्यांत कंपनी बुडाली. सातशे लोकांची नोकरी गेली.

मग करायचे काय? महागडे सॉफ्टवेअर घ्या, असे मी सांगणार नाही. ते विकणारे तुमच्याकडे येतातच. आधी चार गोष्टी स्वतः मालकाने कराव्यात. अकाउंटंटवर सोडू नयेत.

पहिली गोष्ट डेटाची. त्याच्या तीन प्रती असाव्यात, एक रोजच्या वापरातली, एक वेगळ्या उपकरणावर, आणि एक कारखान्याच्या बाहेर, कोणत्याही तारेला किंवा वायफायला न जोडलेली. घानाचे मशीन वाचले ते तुटलेले होते म्हणून. दोन हार्डडिस्क घ्या, आठवड्याआड बदला, एक कायम घरच्या कपाटात राहू द्या. खर्च काही हजारांचा आहे. आणि महिन्यातून एकदा त्या डिस्कवरचा डेटा दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. मी पाहिलेल्या बॅकअपमधले कित्येक कधी उघडूनच पाहिलेले नव्हते. डिस्कवरचा हिरवा दिवा लुकलुकतो म्हणजे बॅकअप झाला, असे कोणी समजू नये.

दुसरी गोष्ट माल फाटकाबाहेर काढण्याची, आणि इथे थोडे थांबतो, कारण खरी अडचण इथेच येते. पाच कोटींवर उलाढाल असेल तर ई-इन्व्हॉइस लागते, म्हणजे हाताने बिल फाडून भागत नाही. पण ते बिल तुमच्याच सर्व्हरवरून काढले पाहिजे असे नाही. सरकारी पोर्टलवरून दुसऱ्या स्वच्छ संगणकाने नोंदवता येते, ई-वे बिलही पोर्टलवरून काढता येते. जॉबवर्कचा माल चलानवर जातो. म्हणजे नियमात वाट आहे. अडते कुठे? पोर्टलला आता ओटीपी सक्तीचा आहे, आणि तो ओटीपी जातो कोणाच्या मोबाइलवर? कित्येक गाळ्यांत तो नंबर दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा असतो, किंवा सीएच्या कार्यालयातल्या मुलाचा. पासवर्ड असतो त्या बंद पडलेल्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये साठवलेला. म्हणून एक जुना लॅपटॉप साफ करून कपाटात ठेवा, तो रोजच्या नेटवर्कला कधी जोडू नका. पोर्टलचे पासवर्ड, गिऱ्हाइकांचे जीएसटी नंबर, चालू पार्टचे दर आणि एचएसएन कोड कागदावर छापून बंद पाकिटात, तुमच्या स्वतःच्या कुलपात ठेवा. ओटीपीचा मोबाइल नंबर मालकाचा असू द्या. चालू ड्रॉइंगचा एक छापील संच क्वालिटीच्या कपाटात असू द्या. एवढ्याने तीन दिवस निघतात.

तिसरी गोष्ट दारांची. रिमोट डेस्कटॉप बाहेरून थेट उघडा असेल तर तो आजच बंद करा. ईमेल आणि बँकेला पासवर्डशिवाय दुसरी खूण लावा. शॉपमधली मशीन ज्या जुन्या विंडोजवर चालतात ती बदलता येत नसेल, तर निदान ती कार्यालयाच्या नेटवर्कपासून वेगळी करा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या विषाणूने जगभर धुमाकूळ घातला, त्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. दोन महिने ज्यांनी अपडेट पुढे ढकलले, ते सापडले.

चौथी गोष्ट माणसांची, आणि इथे कॉसमॉस बँकेचा अनुभव डोळ्यांपुढे ठेवावा. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या या शतकाहून जुन्या सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत आधीच शिरलेल्या टोळीने बँकेच्या खऱ्या सर्व्हरऐवजी आपलीच बनावट यंत्रणा उत्तरे देईल अशी सोय केली. कार्ड घातले की ती "होय, पैसे द्या" म्हणायची. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बारा हजारांवर व्यवहार झाले आणि सुमारे ७८ कोटी रुपये निघाले. त्याखेरीज आपल्या देशातूनही निघाले, त्यांत कोल्हापूरची एटीएम होती. सोमवारी १३ तारखेला आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला पाठवले गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या घरात गेला. यातली शिस्त बघा. वेगवेगळ्या देशांत एकाच वेळी बनावट कार्ड घेऊन रांगेत उभी राहिलेली माणसे, कोणाला किती काढायचे हे ठरलेले. इकडे पैसे काढणारे हे हस्तक पुढे सापडले आणि २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. मूळ सूत्रधार मात्र देशाबाहेरचे, संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी त्याचा माग उत्तर कोरियापर्यंत लावला.

त्यांनी शनिवार निवडला हे महत्त्वाचे. सुट्टीच्या दिवशी पाहणारे कमी असतात आणि निर्णय घेणारा गावी गेलेला असतो. आपल्याकडे गणपती, दिवाळी, आणि माउलींची पालखी लोणंदला मुक्कामी असते ते दिवस. अशा दिवशी काही विचित्र दिसले तर नेटवर्कची वायर काढून टाकण्याचा अधिकार कोणाला आहे? रात्रपाळीच्या सुपरवायझरला तो आहे, असे त्याला लेखी सांगा. "साहेबांना विचारल्याशिवाय कसे बंद करू" या विचारात जो तास जातो, त्यातच सगळे पसरते. वायर काढली आणि काही निघाले नाही, तर त्याला रागावू नका. पुढच्या वेळी तो काढणार नाही.

माणसांचाच दुसरा मुद्दा फोन आणि ईमेलचा. "आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे पैसे इकडे पाठवा" असा ओळखीच्या पुरवठादाराच्या नावाने मेल आला, तर मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, तुमच्या जुन्या डायरीतल्या नंबरवर फोन करून विचारा. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करा. पहिल्या तासात कळवले तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

याशिवाय कायद्याचे एक बंधन आहे, जे आपल्या पट्ट्यात फारसे कोणाला ठाऊक नाही. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवावे लागते, आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. लहान उद्योगांनाही हे लागू आहे. कळवल्याने बदनामी होत नाही. संगणक फॉरमॅट करून पुरावा पुसून टाकण्याची घाई मात्र नडते.

खंडणी द्यावी का, हा प्रश्न मला मालकांनी डोळ्यांत पाणी आणून विचारला आहे. माझे मत देऊ नये असे आहे. पैसे दिल्यावर कुलूप उघडेलच याची हमी नाही, चोरलेला डेटा ते विकणार नाहीत याची तर मुळीच नाही, आणि एकदा देणाऱ्याचे नाव त्यांच्या वहीत चढते. पण ज्याच्याकडे बाहेर ठेवलेली एक प्रत आहे, तोच हे ठामपणे म्हणू शकतो. प्रत नसलेल्या माणसाला मी तत्त्वज्ञान सांगणार नाही. म्हणूनच आधीची प्रत महत्त्वाची.

नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या ॲल्युमिनियम कंपनीने ते करून दाखवले. मार्च २०१९ मध्ये तिच्यावर हल्ला झाला, जगभर ३५ हजार कामगार असलेली कंपनी ठप्प होण्याच्या बेतात आली. त्यांनी खंडणी दिली नाही. कार्यालयांच्या दारांवर कागद चिकटवले, कोणीही संगणक नेटवर्कला जोडू नका. ऑर्डर कागदावर काढल्या, हाताने यंत्रे चालवली. जुनी कागदी पद्धत माहीत असलेले निवृत्त कामगार मदतीला परत आले. आणि कंपनीने पहिल्या दिवसापासून गिऱ्हाइकांना, पत्रकारांना काय झाले ते उघड सांगितले. नुकसान मोठे झाले, पण विश्वास टिकला. आपल्याकडे पहिली सूचना उलटी असते, बाहेर कोणाला सांगू नका. मग बातमी ड्रायव्हरच्या तोंडून पसरते आणि वाढत वाढत जाते. अफवा किती महाग पडते ते आपण पाहिले आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये कोंबडीतून कोरोना होतो ही अफवा व्हॉट्सॲपवर फिरली आणि राज्यातल्या कुक्कुटपालकांना कवडीमोलाने पक्षी विकावे लागले. शास्त्रज्ञांचा खुलासा बाजारात पोचेपर्यंत भाव कोसळून गेले होते. गिऱ्हाइकाला पहिला फोन तुमचा जायला हवा. त्याचे नंबर कागदावर असायला हवेत, ईमेलच्या यादीत नाही.

मोठ्या कंपन्यांच्या खरेदी विभागांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. तुम्ही व्हेंडरना सायबर सुरक्षेची लांबलचक प्रश्नावली पाठवता, इंग्रजीत. ती भरायला माझ्याकडे येते. "आहे का" या प्रत्येक रकान्यात "आहे" लिहून द्या, असे मला सांगितले जाते, कारण "नाही" लिहिले तर ऑर्डर जाईल ही भीती असते. त्या कागदाने तुमची लाइन सुरक्षित होत नाही. त्याऐवजी वर्षातून एकदा तुमचा माणूस गाळ्यावर पाठवा, मराठीत बोलणारा, आणि बॅकअप उघडून दाखवा म्हणा. हल्ल्याच्या दिवशी हाताने लिहिलेले चलान तुमच्या गेटवर कोणत्या परिस्थितीत चालेल, कोणाच्या सहीने चालेल, हे आजच लेखी कळवा. आणि बंद पडलेली यंत्रणा तुमची असेल, तर छोट्यांचे थकलेले पैसे हाताने नोंद करून सोडा. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत देण्याचा कायदा २००६ पासून आहे. तुमचे पोर्टल बंद असले म्हणून तो थांबत नाही. जग्वार लँड रोव्हरलाही शेवटी पुरवठादारांना आगाऊ पैसे देण्याची योजना आणावी लागली. ती पहिल्याच आठवड्यात हवी होती.

एमआयडीसीकडे मागणी आहे ती माफक आहे. औद्योगिक वसाहतीत आग लागली तर कोणाला फोन करायचा हे प्रत्येक वॉचमनला ठाऊक असते. संगणकावर हल्ला झाला तर कोणाला करायचा, हे मालकालाही ठाऊक नसते. सातारा जिल्ह्यातल्या वसाहतींसाठी मिळून एक कक्ष, दोन जाणकार माणसे, चोवीस तास चालणारा एक फोन, आणि महाराष्ट्र सायबरशी थेट संपर्क, एवढे उभे करा. एकेका गाळ्याला हा खर्च झेपणारा नाही. शेकडो गाळ्यांना मिळून सहज झेपेल.

आता तुम्हा मालकांना एक विनंती. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. शपथ होते, पोस्टर लागतात, आगीची रंगीत तालीम होते, शिट्टी वाजली की सगळे शॉपबाहेर पटांगणात जमतात. येत्या ४ मार्चला आणखी एक तालीम घ्या. सकाळी नऊ वाजता बिलिंगचे मशीन बंद करा, राउटरची वायर काढा, आणि कपाटातला लॅपटॉप, पाकिटातले कागद एवढ्यावर दुपारी तीनपर्यंत एक भरलेली गाडी सगळ्या नियमांत बसवून फाटकाबाहेर काढा. जिथे अडेल तिथले कारण वहीत लिहा आणि महिन्याभरात दुरुस्त करा. मग शेजारच्या गाळ्यालाही बोलवा आणि त्याच्याकडूनही तेच करून घ्या.

आपला,
शिरवळ परिसरात संगणक दुरुस्ती व नेटवर्कचे काम करणारा